खारीचा पाय, पंतांचा घसा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, झडीच्या पावसात, कोथरूडच्या एका सोसायटीतून आजी आणि त्यांची नववीतली नात आंब्याचं खोकं घेऊन दवाखान्यात आल्या. खोक्यात जुना पंचा आणि पंच्यात एक पिल्लू: पांढरं-बदामी, मादी, दातांवरून साधारण दहा आठवड्यांचं, वजन ८५० ग्रॅम. आठ दिवसांपूर्वी ते पार्किंगमध्ये स्कूटरखाली चिंब भिजून बसलेलं सापडलं होतं. चहात बुडवलेल्या खारीसारखं दिसत होतं, म्हणून नाव खारी.

घरात आधीची दोन मांजरं. पंत हे सहा वर्षांचे, ऑपरेशन झालेले, अंगाने भरलेले बोके. घरात त्यांचा उल्लेख आदरार्थीच होतो, त्यामुळे मीही तसाच करते. गुंडी दोन वर्षांची, तिचंही ऑपरेशन झालेलं. गुंडीची लस वेळच्या वेळी झालेली. पंतांची लहानपणी झाली, पुढे दोन बूस्टर झाले आणि गेली तीन वर्षं राहूनच गेलं. खारीला अर्थातच काहीच नाही.

तक्रार एकच होती: उजवा पुढचा पाय टेकत नाही. आजींचं निदान तयार होतं. "काल रात्री कपाटावरून पडली, डॉक्टर. धप्प आवाज मी ऐकला."

पाय खांद्यापासून पंजापर्यंत चाचपला. हाड सलग होतं, सूज नव्हती, पण कोपर वाकवला की खारी ओरडत होती. ताप १०४.३ फॅरेनहाइट. मांजराचं नेहमीचं तापमान १०२.५ पर्यंत असतं, त्यामुळे हा ताप खरा. नुसत्या पडण्याने ताप येत नाही, एवढं लक्षात आलं. पण डोकं गेलं ते बोक्याच्या दाताकडे: पंतांनी चावलं असेल, आत पू धरत असेल. केस बाजूला करून दाताची खूण शोधली, सापडली नाही. शेजारच्या रस्त्यावर एक्स-रे काढून आणायला सांगितला, तो स्वच्छ निघाला. दुखणं आणि सूज कमी करणाऱ्या मेलॉक्सिकॅमचा एक डोस दिला, उद्या फोन करा म्हणाले आणि घरी पाठवलं.

ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघितला होता. दोन सेकंद. जबडा उघडला नव्हता. केसपेपरवर हे कुठे लिहिलेलं नाही, कारण न केलेल्या गोष्टी केसपेपरवर येत नाहीत.

"पाय बरा झाला"

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा फोन आला. "डॉक्टर, तो पाय बरा झाला. आता दुसरा दुखतोय."

कुठला दुसरा? "मागचा. डावा."

इथे माझी ट्यूब पेटली. मोडलेलं किंवा मुरगळलेलं हाड रात्रीतून पाय बदलत नाही. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू, अंगात ताप आणि आज हा पाय, उद्या तो, अशी फिरती लंगड असली की कॅलिसिव्हायरस या मांजरांच्या विषाणूचं नाव यादीत सगळ्यात वर जातं. हा विषाणू आणि त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांचे गठ्ठे सांध्यांच्या अस्तरात जाऊन बसतात, तिथे दाह होतो आणि पिल्लू लंगडतं. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतं. लस दिल्यावर काही पिल्लं एक-दोन दिवस लंगडतात, तेही याच कुळातलं.

अर्ध्या तासात खोकं पुन्हा टेबलावर. आता हनुवटीची लव चिकट ओली झाली होती. नातीने खारीला पंच्यात गुंडाळून धरलं, मी जबडा नीट उघडला. जिभेच्या दोन्ही कडांना मुगाच्या डाळीएवढे लालभडक खड्डे, कडा पांढुरक्या. पुढे टाळूवर आणखी एक. हे आधी फोड असतात. त्यांचं वरचं आवरण इतकं पातळ असतं की खाताना किंवा अंग चाटताना ते फुटतं, आणि आपल्या हाती व्रण लागतो. आदल्या दिवशी ते होते का? नसतीलही. काही पिल्लांत आधी लंगड येते आणि तोंड मागाहून येतं, काहींत तोंड येतच नाही. मी बघितलंच नाही, तेव्हा या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवसापासून लंगडणाऱ्या प्रत्येक पिल्लाचं तोंड मी पायाच्या आधी उघडते.

पण जिभेवर व्रण म्हणजे कॅलिसि, असं लगेच म्हणून टाकण्यात आपल्याकडे एक गोम आहे. ती म्हणजे फिनेल. खारी आल्यापासून आजी दिवसातून दोनदा फिनेलने लादी पुसत होत्या. मांजर ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि फिनेलातली द्रव्यं जिभेला अक्षरशः भाजून काढतात. ती पचवून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार अशक्त असते, त्यामुळे भाजणं जिभेवरच थांबेल असंही नाही. चट्टे अगदी असेच दिसू शकतात. मग वेगळं कसं करायचं? त्याच लादीवरून पंत आणि गुंडी चालत होते, त्यांची तोंडं भाजलेली नव्हती. पंजांच्या गाद्या साबूत होत्या. आणि फिनेलने १०४ ताप चढून लंगड पाय बदलत नाही. तरीही फिनेल त्याच दिवशी बंद करायला लावलं.

दुसरा संशयित म्हणजे मांजरांचा हर्पिस विषाणू. तो डोळ्यांवर जास्त जातो: डोळे चिकटतात, बुबुळावर व्रण पडतात, शिंकांचा सपाटा असतो. खारीचे डोळे टक्क उघडे होते, शिंका दोन-चारच. तिसरा, आणि पिल्लांत सगळ्यात भीतीचा, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. त्यात उलट्या-जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. रक्त तपासलं, पेशी जागेवर होत्या.

कॅलिसि हे नाव लॅटिनमधल्या पेल्यावरून आलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या विषाणूच्या कवचावर पेल्यासारखे खळगे दिसतात. मांजरातला हा विषाणू १९५७ मध्ये न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला. तो आरएनए विषाणू आहे, स्वतःची नक्कल करताना भरपूर चुका करतो, म्हणून त्याचे अगणित प्रकार फिरत असतात. लस त्याला पूर्ण का रोखू शकत नाही, त्याचं मूळ इथे आहे. माणसांना तो होत नाही. नातीला वर्गात कुणीतरी "तुझ्या तोंडाला पण येणार" म्हणून घाबरवलं होतं, तेव्हा हे दोनदा सांगावं लागलं.

आधी दुखणं, मग भूक

कॅलिसिवर थेट मारा करणारं मान्यताप्राप्त औषध नाही. हर्पिसवर चालणारं फॅमसायक्लोव्हिर इथे निरुपयोगी आहे. लायसिनच्या पेस्ट विकल्या जातात, त्यांवर पैसे घालवू नका. आजार शरीरच हटवतं, जिभेचे व्रण साधारण दोन-तीन आठवड्यांत भरतात. तोपर्यंत पिल्लू जगवायचं, इतकंच आपल्या हातात असतं. आणि ८०० ग्रॅमच्या पिल्लाला जगवणं म्हणजे त्याने खाल्लं पाहिजे.

मांजर वासावर खातं. नाक चोंदलं की अन्न हे अन्नच वाटत नाही, आणि वास आला तरी जिभेवर खड्डे असताना घास गिळणं म्हणजे तोंड आलेल्या माणसाने मिसळ खाणं. बरेच लोक भाताची पेज, दूध, ग्लुकोज तोंडात ओतत राहतात, पिल्लू मान फिरवतं, मग "खातच नाही हो" म्हणून रडतात. दुखणं थांबल्याशिवाय ते खाणार नाही.

खारीला ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक लिहून दिलं. हे गालाच्या आत, हिरडीपाशी सोडायचं असतं, तिथूनच ते शोषलं जातं, त्यामुळे गोळी गिळवायची झटापट नाही. मेलॉक्सिकॅम पुन्हा दिलं नाही. पिल्लू पाणी पीत नसताना ते मूत्रपिंडांवर बसतं. कातडीखाली कोमट केलेलं सलाईन दिलं. खांद्यांच्या मध्ये उंटासारखं कुबड आलं, ते बघून आजी घाबरल्या आणि नात हसली. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एवढ्याशा जिवात दशांश चिन्ह एका घराने सरकलं तर संपलं.

संध्याकाळी फोन केला. खाल्लं नव्हतं. औषध? दिलं नव्हतं. नातीच्या बाबांनी चिठ्ठीवरचं नाव इंटरनेटवर बघितलं, अफूच्या जातीचं आहे असं वाचलं आणि बाजूला ठेवून दिलं. त्याऐवजी ते मेडिकलमध्ये गेले होते. तिथून लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप आणलं होतं, ताप आहे ना म्हणून. बाटली ओट्यावर होती, झाकण उघडलेलं नव्हतं.

पॅरासिटामॉल मांजराला मारतं. माणूस ते ज्या रासायनिक वाटेने निष्प्रभ करतो, ती वाट मांजराच्या यकृतात जवळपास बंदच असते. मग त्याचा विषारी अंश तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, रक्त चॉकलेटी पडतं, हिरड्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, जनावर श्वासासाठी तडफडतं. एका मोठ्या मांजराला एक गोळी पुरते, तर खारीसारखीला चमचाभर सिरपही नको. कॅलिसिच्या साथीत मी दगावलेली बघितलेली काही पिल्लं कॅलिसिने गेलेली नव्हती.

बाबांना फोनवर सांगितलं, "अफूची भीती बाळगू नका, ती बाटली टाका." त्यांनी ब्युप्रेनॉर्फिन गालात सोडलं. आजी मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी तोवर मांदेली नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून, मिक्सरमधून पातळ करून ठेवली होती. कांदा-लसूण अजिबात नाही, मीठही नाही. कांदा-लसणानेही मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. पाऊण तासाने नातीने व्हिडिओ पाठवला. बशी कोमट, खारी तिच्यापुढे डोळे मिचकावत बसलेली, नाक हलतंय. जिभेचं टोक वाचवत, कडेकडेने, तिने चाटायला सुरुवात केली. मागून आजींचा आवाज: "खाल्लंन गो!"

नातीने विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोजचं वजन लिहिलं. काटा स्वयंपाकघरातला, वर स्टीलचं पातेलं, पातेल्यात खारी. ८५०, ८१५, ८००, ८०५, ८२५, ८५०. या सहा आकड्यांनी मला जितकं सांगितलं तितकं एकाही रक्ततपासणीने सांगितलं नसतं. ८०० च्या दिवशी नळी घालायची का, हा विचार चालू होता. नाकातून नळी घालून पातळ अन्न पोटात सोडता येतं, पण नाक आधीच सुजलेलं असताना ते पिल्लाला जाचक होतं. अशा वेळी मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवणं बरं, पण त्यासाठी भूल लागते. मी बारा तास थांबले, तेवढ्यात आकडा पाचने वर गेला. मोठं, त्यातही जाड मांजर असतं तर मी इतकी थांबले नसते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्यांच्या यकृतात चरबी साचू लागते आणि तो नवाच जिवावरचा आजार होतो.

अँटिबायोटिक? पहिल्या दोन दिवसांत दिलं नाही, आणि त्यावरून बाबांचा चेहरा पडला. विषाणूवर त्याचा परिणाम नाही. तिसऱ्या दिवशी नाकातलं पाणी पिवळं-हिरवं, घट्ट झालं, म्हणजे जिवाणूंनी मोकळ्या घरात पाय ठेवला होता. तेव्हा डॉक्सिसायक्लिनचं पातळ औषध सुरू केलं आणि प्रत्येक वेळी मागून सिरिंजने थोडं पाणी पाजायला सांगितलं. डॉक्सिसायक्लिन, विशेषतः गोळी, मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहिली तर ती जागा जळते आणि पुढे नलिका कायमची आवळते. बाकी साधी वाफ. बाथरूममध्ये गीझरचं गरम पाणी सोडून दहा मिनिटं बसायचं, नाक कोमट ओल्या कापसाने पुसायचं. लंगड चौथ्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी वजन ९४०.

लादी, टेबल आणि सॅनिटायझर

या प्रकरणातला माझा दुसरा दोष तोंड न उघडण्यापेक्षा मोठा ठरू शकला असता. पहिल्या दिवशी खारी गेल्यावर मी टेबल नेहमीसारखं स्पिरिटने पुसलं होतं. कॅलिसिला स्पिरिटचं काही वाटत नाही.

करोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या हाताला सॅनिटायझरची सवय लागली. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टन असतं, साबण आणि अल्कोहोल ते फाडतात. कॅलिसिला असं वेष्टनच नाही, नुसतं प्रथिनांचं टणक कवच. कोरड्या जागी, खोलीच्या तापमानाला तो काही आठवडे, महिनाभरही, टिकू शकतो. हर्पिसचा विषाणू त्यामानाने दिवसभरही तग धरत नाही. माणसांना उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस कॅलिसिच्याच घराण्यातला. तो प्रयोगशाळेत वाढवणं वर्षानुवर्षं जमत नव्हतं, म्हणून जंतुनाशकांच्या चाचण्या मांजराच्या या कॅलिसिवर घेतल्या जात.

दुसऱ्या दिवशी निदान लक्षात येताच रजिस्टर काढलं. खारीनंतर त्या टेबलावर तीन मांजरं आली होती. तिघांच्या घरी फोन केले. काय झालंय, दहा दिवस काय बघायचं आणि चूक माझी, हे सांगितलं. एकाने फोन आपटला. सुदैवाने तिघांनाही काही झालं नाही, त्यातली दोन लसीकरण पूर्ण झालेली होती. तेव्हापासून माझ्याकडे टेबल आधी साबणाने धुतलं जातं, मग हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचने.

आजींच्या घरासाठीही तेच सांगितलं. दुकानात मिळणारं साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर, रोज ताजं. लादी आणि भांडी आधी साबणाने स्वच्छ करायची, कारण लाळ-शेंबूड राहिला तर हायपोक्लोराइट त्यातच खर्ची पडतं. मग दहा मिनिटं तसंच ठेवून साध्या पाण्याने पुसून घ्यायचं, वाळेपर्यंत मांजरं दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. वाट्या स्टीलच्याच ठेवा, ओरखडे पडलेलं प्लास्टिक फेकून द्या. पांघरुणं गरम पाण्यात.

आजींना फिनेल सोडणं जड गेलं. वास आल्याशिवाय लादी स्वच्छ झाली असं त्यांना वाटत नव्हतं. हायपोक्लोराइटचा वास "दवाखान्यासारखा" येतो ही तक्रार त्यांनी अजून सोडलेली नाही.

खारीची सोय गॅलरीलगतच्या खोलीत केली. शिंकेचे थेंब मीटर-दोन मीटरच उडतात, पण हात, बाही, केर काढायचा झाडू सगळीकडे फिरतात. म्हणून आधी गुंडीचं खाणं-पिणं, मग पंतांचं, शेवटी खारीचं, आणि खारीपाशी जाताना वेगळा गाऊन.

पंत आणि गुंडीवर लक्ष ठेवायला सांगितलं त्यामागे एक विशिष्ट भीती होती. १९९८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात कॅलिसिचा एक भयंकर अवतार दिसला. त्यात चेहरा आणि पाय सुजत, कानांच्या कडांवर, नाकावर, पंजांवर व्रण पडत, कावीळ होई. पिल्लांपेक्षा मोठ्या मांजरांना तो जास्त जड गेला आणि लस घेतलेलीही त्यातून सुटली नाहीत. पुढच्या अशा काही उद्रेकांत लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मांजरं गेली. हे फार विरळा आहे, पण घरातल्या मोठ्या मांजराचं तोंड सुजलं तर सकाळची वाट बघू नका, असं मी सांगते. इथे तसं काही झालं नाही. दोघंही साधे शिंकलेसुद्धा नाहीत.

आणलं कुणी?

याच न शिंकण्याने मला विचारात पाडलं. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आजार खारीने पार्किंगमधून आणला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात, आणि खारी आठवा दिवस घरात होती. म्हणजे तारखेवरून दोन्ही शक्य: तिने आणला किंवा तिला इथे मिळाला.

पंतांचं तोंड तपासलं. तोंड उघडताच नाल्यासारखा वास. जबडा जिथे मिटतो तिथे, अगदी मागे, दोन्ही बाजूंना रास्पबेरीसारखा लाल, फुललेला मांसल पट्टा, हात लावताच रक्त. आजी म्हणाल्या, वर्षभर पंत कोरडं खाणं एका बाजूने चावतात, मध्येच भांड्यापासून पळून जातात. "म्हातारपण" म्हणून सोडून दिलं होतं. सहा वर्षं म्हणजे मांजराचं म्हातारपण नव्हे.

तोंडाच्या या चिवट दाहात कॅलिसि वारंवार सापडतो. तो एकटाच कारण आहे असं नाही, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तिथे पिसाळलेली असते. बरी झालेली कित्येक मांजरं पुढे आठवडेच्या आठवडे घशातून विषाणू सोडत राहतात. साधारण अडीच महिन्यांत निम्मी थांबतात, उरलेल्यांतली थोडी वर्षानुवर्षं सोडतात. ती खातात, खेळतात, उन्हात लोळतात. हर्पिसचा वाहक तणाव आला की मधूनमधून विषाणू सोडतो, कॅलिसिचा वाहक सलग.

तिघांच्या घशाचे स्वॅब पीसीआरला पाठवले. खारी पॉझिटिव्ह, पंत पॉझिटिव्ह, गुंडी निगेटिव्ह. यावरून पंतांवर आरोप सिद्ध होत नाही, त्यांनाही खारीकडून नुकतीच लागण झालेली असू शकत होती. दोघांचा विषाणू एकच आहे का, हे जनुकक्रम लावूनच कळतं, तो आम्ही लावला नाही. पण असा विचार करा. खारीने बाहेरून नवा प्रकार आणला असता, तर तीन वर्षं बूस्टर न झालेले पंत निदान शिंकायला हवे होते. ते शिंकले नाहीत, गुंडीही नाही. उलट, पंत जुने वाहक असतील तर गुंडी दोन वर्षं त्यांच्याच प्रकाराच्या सहवासात राहून त्याला सरावलेली, आणि खारी मात्र कोरी पाटी. अकरा आठवड्यांनी पुन्हा स्वॅब घेतले. खारी निगेटिव्ह. पंत पॉझिटिव्ह. मी माझ्यापुरतं प्रकरण तिथे मिटवलं.

पुढचा प्रश्न बाबांनी विचारला, आजी आत गेल्यावर, हळूच: "मग पंतांना गावी सोडून यायचं का?"

नाही. जे व्हायचं ते या घरात होऊन गेलंय. खारीला आता त्या प्रकाराची ओळख आहे, गुंडीला आधीपासूनच होती. गावी सोडलं तर पंत तिथल्या मांजरांत तेच वाटतील, आणि दुखरं तोंड घेऊन उपाशी मरतील. फक्त नवं पिल्लू घरात आणायचं नाही. आणायचंच झालं तर लस पूर्ण होईपर्यंत वेगळ्या खोलीत. पार्किंगमधल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या नातीला ही अट कठीण आहे, हे मला ठाऊक आहे.

लस, झाल्यानंतरही

"आजार होऊन गेला, आता लस कशाला?" हा प्रश्न इथेही आला. दोन कारणं. एक, झालेला आजार एका प्रकाराचा, बाहेर बाकीचे उभे आहेत, आणि लस त्यांतल्या बऱ्याच जणांचा जोर कमी करते. दोन, त्याच टोचण्यात हर्पिस आणि पॅनल्यूकोपेनियाही असतात, आणि पॅनल्यूकोपेनियावर लस फार पक्कं काम करते. कॅलिसिची लस लागण रोखेल अशी हमी देऊ नये, मी देत नाही. ती आजार हलका करते. लस घेतलेलं मांजर चार दिवस शिंकून मोकळं होतं, न घेतलेलं पिल्लू ८०० ग्रॅमवर येऊन थबकतं.

पिल्लाला पहिला डोस सहा-आठ आठवड्यांचं असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे उलटेपर्यंत. "दोन डोस झाले, संपलं" हे अंकगणित चुकीचं. आईच्या चिकातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे आधीचे डोस वाया जाऊ शकतात, म्हणून डोस मोजू नका, शेवटचा डोस कितव्या आठवड्यात झाला ते बघा. पुढचा डोस पूर्वी वर्षाने देत, आता वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या २०२४ च्या शिफारशींत तो सहा महिन्यांच्या सुमारास सांगितला आहे. वाहक असलेल्या घरात मी त्यानंतर दरवर्षी देते, एकट्यादुकट्या घरबशा मांजराला तीन वर्षांनी चालतं. आणखी एक बारीक गोष्ट: जिवंत विषाणूची लस टोचताना थेंब केसांवर सांडला तर लगेच पुसून घ्या. मांजराने तो चाटला तर लसीतलाच विषाणू तोंडाला येऊ शकतो.

खारीला पूर्ण बरी झाल्यावर, तेराव्या आठवड्यात पहिला डोस दिला. सतराव्यात दुसरा, त्याच्याबरोबर रेबीजची. ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांचा झाला. त्या दिवशी ती २ किलो ४०० ग्रॅम होती आणि मला चावली.

पंतांना मधल्या काळात वेदनाशामकं आणि अँटिबायोटिकवर दोनदा आराम पडला, दोनदा परत मूळपदावर आले. या दुखण्यात टिकणारा उपाय म्हणजे मागचे दात, दाढा आणि उपदाढा, मुळांसकट काढणं. त्यातल्या बऱ्याच मांजरांना त्याने चांगला उतार पडतो, काहींना नंतरही औषध लागतं. रक्त तपासून झालंय, भूल सोसेल असं दिसतंय, तारीख पुढच्या गुरुवारची आहे. आजींनी एकच विचारलं, दात काढल्यावर पंत मांदेली खातील का. खातील. काटे काढून.